सिस्टिम कॉल ट्रेसिंगचं मॅन पेज: आधी थांबे लिहा, रिक्वेस्टची यादी नंतर

प्रश्न परत एकदा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमच्या टीमने एम्बेडेड बोर्डासाठीच्या स्वतःच्या छोट्या कर्नलमध्ये पीट्रेसच्या (युनिक्समधला, एका प्रोसेसने दुसरीला थांबवून तपासायचा कॉल) धर्तीवर सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या, ट्रेस करायची सोय घातलीय, कोड चालतोय, आणि सेक्शन २ चं, म्हणजे सिस्टिम कॉलच्या विभागातलं, मॅन पेज (युनिक्सच्या मॅन्युअलचं पान) लिहायचं काम तुमच्या अंगावर आलंय. तुम्ही विचारलंय की सगळ्या रिक्वेस्ट (या कॉलला देता येणाऱ्या आज्ञा) एकाखाली एक मांडून प्रत्येकीला दोन-तीन ओळी दिल्या की भागेल का.

नाही भागणार. मी बरीच वर्षं ट्रेसर आणि डीबगर लिहितोय आणि त्यातला निम्मा वेळ मॅन पेज आणि कर्नलचा सोर्स शेजारी शेजारी उघडून ताडून बघण्यात गेलाय, त्यावरून सांगतो, रिक्वेस्टची यादी हा या पानाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग. ती हेडर फाइल उघडली की कुणालाही दिसते. हेडरमध्ये दिसत नाही ते हे की ट्रेसी, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवली जातेय तो, कुठे कुठे थांबतो, तो नेमका कुठे थांबलाय हे ट्रेसरला, म्हणजे नजर ठेवणाऱ्याला, कशावरून ओळखायचं, त्या थांब्यावर काय केलेलं चालतं आणि तिथून सोडल्यावर पुढे काय काय होऊ शकतं. एसटीच्या वेळापत्रकासारखं आहे बघा, गाडीत किती सीट आहेत ते कळून माणसाचा प्रवास होत नाही, थांबे आणि त्यांचा क्रम माहीत असावा लागतो.

पीट्रेस युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७५ पासून आहे. तेव्हा दहाच्या आत रिक्वेस्ट होत्या, थ्रेड नव्हते, ट्रेस करणारा म्हणजे मुलाला जन्म देणारी पॅरेंट प्रोसेसच, आणि काम एकच, ब्रेकपॉइंट लावून डीबग करणं. सिस्टिम कॉलवर थांबणं हा प्रकार त्यात नव्हताच. त्यामुळे छोटं पान तेव्हा खरोखर पुरायचं. पुढे त्याच एका कॉलच्या पोटात सिस्टिम कॉल ट्रेसिंग, थ्रेड, फोर्कचा (नवी प्रोसेस जन्माला घालणाऱ्या कॉलचा) पाठलाग, सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारं फिल्टर) असं एकेक भरत गेलं. लिनक्सच्या पानाचा इतिहास त्याच्या सोर्सच्या वरच्या कॉमेंटमध्येच आहे, १९९३ चं मूळ पान, १९९९ मध्ये माइक कोलमन यांनी केलेली मोठी दुरुस्ती, २००६ मध्ये चक एबर्ट यांनी घातलेले ऑप्शन्स, आणि मग २०११ मध्ये डेनिस व्लासेंको यांनी केलेलं मोठं काम. हे व्लासेंको त्या काळात एसट्रेस या लिनक्सच्या सिस्टिम कॉल ट्रेसरवरही काम करत होते, म्हणजे जो माणूस रोज हा इंटरफेस वापरून ठेचकाळत होता त्यानेच पान लिहिलं. त्यांनी जे घातलं ते म्हणजे थांब्यांचं वर्णन: सिग्नल पोचवताना होणारा थांबा, ग्रुप स्टॉप (थांबवणाऱ्या सिग्नलमुळे प्रोसेसचे सगळे थ्रेड थांबणं), इव्हेंटचे थांबे, सिस्टिम कॉलमध्ये शिरताना आणि बाहेर पडतानाचे थांबे, प्रत्येकाची ओळख, प्रत्येकातून बाहेर कसं पडायचं. तुम्हाला नमुना हवा असेल तर त्या पानाचा हा भाग घ्या, वरची रिक्वेस्टची यादी नको.

आता थांबे म्हणजे नक्की काय लिहायचं, तर सगळ्यात ठळक उदाहरण घेतो. ट्रेसरने ट्रेसीला पीट्रेस सिसकॉल रिक्वेस्टने सोडलं की तो पुढच्या सिस्टिम कॉलच्या दारात थांबतो, परत सोडला की त्याच कॉलमधून बाहेर पडताना थांबतो. लिनक्सवर वेटपिड या वाट बघायच्या कॉलमधून येणारा स्टेटस या दोन्ही थांब्यांना अगदी सारखा असतो, नुसतं स्टेटस बघून आत चाललाय का बाहेर हे कळत नाही, ट्रेसरने स्वतः क्रम लक्षात ठेवायचा. एक ओळीची गोष्ट आहे ही, पण पानात नसली तर काय होतं ते ऐका. माझा पहिला ट्रेसर मी एका बोर्डाबरोबर आलेलं जुनं पान वाचून लिहिला होता आणि त्यात ही ओळ नव्हती. मी एक व्हेरिएबल ठेवला, थांबला की उलटा करायचा, आत, बाहेर, आत, बाहेर. साध्या प्रोग्रामवर छान चाललं. मग एक शेल स्क्रिप्ट ट्रेस केली तर मध्येच एका जागेपासून सगळं आउटपुट उलटं झालं, रिटर्न व्हॅल्यूच्या जागी कॉलमध्ये शिरतानाचा कचरा आणि आर्ग्युमेंट म्हणून छापलेल्या रजिस्टरमध्ये भलतंच काही. दोन दिवस मी माझाच रजिस्टर वाचायचा कोड तपासत बसलो. कारण निघालं एक्झेक, म्हणजे चालू प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम भरणारा कॉल. एक्झेकच्या इव्हेंटचा ऑप्शन लावलेला नसेल तर एक्झेक यशस्वी झाल्यावर ट्रेसीला एक जादा सिगट्रॅप (डीबगरसाठीचा सिग्नल) मिळतो, आणि सिस्टिम कॉलचा थांबासुद्धा सिगट्रॅप म्हणूनच दिसत असल्यामुळे माझ्या कोडने तोही मोजला, गणित एकाने चुकलं, आणि तिथून पुढे सगळंच उलटं.

यावरचा उपाय लिनक्समध्ये २.४.६ पासून आहे, ट्रेस सिस गुड नावाचा ऑप्शन, तो लावला की सिस्टिम कॉलच्या थांब्याला सिग्नल नंबरमधला बिट ७ लावून मिळतो, म्हणजे खरा सिगट्रॅप वेगळा ओळखू येतो. तरी आत का बाहेर हा प्रश्न राहतोच, तो सरळ सुटला थेट ५.३ मध्ये, २०१९ साली, गेट सिसकॉल इन्फो ही रिक्वेस्ट आली तेव्हा, ती स्पष्ट सांगते की हा एंट्रीचा थांबा आहे, एक्झिटचा आहे, सेककॉम्पचा आहे का यातला कुठलाच नाही, वर कॉलचा नंबर, आर्ग्युमेंट, रिटर्न व्हॅल्यू आणि आर्किटेक्चरही देते. फ्रीबीएसडीमध्ये ही माहिती थ्रेडची माहिती देणाऱ्या रिक्वेस्टमध्ये दोन वेगळ्या फ्लॅगने मिळते आणि फक्त एंट्रीला थांब किंवा फक्त एक्झिटला थांब अशा वेगळ्या रिक्वेस्टसुद्धा आहेत. तुमचा कर्नल नवा आहे, अजून कुणाचे प्रोग्राम त्यावर अवलंबून नाहीत, म्हणून माझी कळकळीची विनंती की पान लिहायला बसलात आणि "हे दोन थांबे ट्रेसरला वेगळे ओळखता येत नाहीत" असं वाक्य लिहायची वेळ आली तर ते वाक्य लिहू नका, उठून कर्नलवाल्या माणसाकडे जा आणि एक फ्लॅग घालून घ्या. आज तो अर्ध्या दिवसाचा पॅच आहे. रिलीज झाल्यावर तोच एबीआयचा, म्हणजे तयार प्रोग्राम ज्यावर विसंबतात त्या कराराचा, प्रश्न होतो आणि मग आहे ते निस्तरत बसावं लागतं.

असंच आणखी एक उदाहरण अटॅचचं. जुना पीट्रेस अटॅच (चालू प्रोसेसला चिकटायची रिक्वेस्ट) ट्रेसीला सिगस्टॉप, म्हणजे थांबवणारा सिग्नल, पाठवतो. आता त्याच वेळी दुसऱ्या कुणी खरंच सिगस्टॉप पाठवला तर? ट्रेसरला दोन्हीतला फरक कळत नाही आणि एखादा सिगस्टॉप हरवू शकतो. आणि कंट्रोल झेडने थांबवलेली प्रोसेस ट्रेस करताना ती थांबलेली ठेवून नुसतं लक्ष ठेवायची सोयही नव्हती, ट्रेसरने पुढे ढकललं की ती पळायलाच लागायची. व्लासेंको पान लिहीत होते त्याच सुमाराला कर्नलमध्ये सीझचं काम चालू होतं, आणि ३.४ पासून सीझ, इंटरप्ट आणि लिसन अशा तीन रिक्वेस्ट मिळाल्या. सीझ ट्रेसीला थांबवत नाही, सिग्नल पाठवत नाही, थांबवायचं असेल तेव्हा इंटरप्ट वापरायचं, ग्रुप स्टॉपमध्ये ठेवायचं असेल तर लिसन. पानात जुन्या अटॅचखाली "नव्या कोडमध्ये सीझ वापरा, कारण हे" असं कारणासकट लिहिलं पाहिजे, नुसतं "जुनं" एवढं म्हणून सोडलं तर वाचणारा जुन्या ब्लॉगवरचा कोड उचलतो आणि तो चालतो आणि मग वर्षभराने कधीतरी कस्टमरकडे अडकतो.

थ्रेड. इथे सगळ्यात जास्त जागा द्या, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र इथेच सगळ्यात चुकीचं असतं. लिनक्सवर ट्रेसिंग प्रोसेसला लागत नाही, थ्रेडला लागतं, प्रत्येक थ्रेड वेगळा ट्रेसी. पानात "प्रोसेस" असा सैल शब्द एकदा जरी पडला तर माणूस एकच अटॅच करून बसतो आणि बाकीचे थ्रेड मोकाट. तुमच्याकडे नियम जो असेल तो असो, पण पानाच्या पहिल्या परिच्छेदात ट्रेसी म्हणजे काय याची व्याख्या करा आणि शेवटपर्यंत तोच शब्द त्याच अर्थाने वापरा. मग अनेक थ्रेड असलेल्या प्रोसेसमधल्या एका थ्रेडने एक्झेक केलं तर काय होतं ते सावकाश, क्रमाने लिहा. लिनक्समध्ये बाकीचे सगळे थ्रेड मारले जातात, आणि एक्झेक करणाऱ्या थ्रेडचा आयडी बदलून थ्रेड ग्रुपचा, म्हणजे लीडरचा (प्रोसेसच्या पहिल्या थ्रेडचा) होतो. ट्रेसरच्या बाजूने बघा, थ्रेड ५०३ ला तुम्ही सोडलंत, वाट बघताय, आणि स्टेटस येतो ५०० चा, ५०३ चं पुढे काय झालं याची काहीच खबर नाही, ५०० तर तुमच्या यादीत मेलाय किंवा दुसऱ्याच कॉलमध्ये अडकलाय. ३.० पासून एक्झेकच्या इव्हेंटवर इव्हेंट मेसेज मागितला की जुना थ्रेड आयडी मिळतो, त्यावरून जुळवाजुळव करता येते. पण हे सगळं पानात नसेल तर कुठल्याही हुशार माणसाला अंदाजाने सुचणार नाही, कारण हे वागणं अंदाज बांधण्यासारखं नाहीच.

आणि मरण. ट्रेसी कधीही मरू शकतो. सिगकिल, म्हणजे ठार करणारा सिग्नल, थांब्याला जुमानत नाही, तुम्ही थांबलेल्या ट्रेसीचे रजिस्टर वाचायला जाता तोवर तो गेलेला असतो. म्हणून ट्रेसी थांबलेलाच असला पाहिजे अशा प्रत्येक रिक्वेस्टला ईएसआरसीएच हा एरर येऊ शकतो हे आधीच एकदा ठळक सांगा. पण हा एरर लिनक्सवर तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतो, अशी प्रोसेस नाही, आहे पण तुम्ही तिला ट्रेस करत नाही, किंवा ट्रेस करताय पण ती आत्ता थांबलेली नाही. एरर्सच्या सेक्शनमध्ये नुसतं "प्रोसेस सापडली नाही" लिहिलंत तर लोक एररवरून ट्रेसी मेला असं धरून यादीतून काढून टाकतील, आणि तो जिवंत निघाला की कायमचा अडकून पडेल. ट्रेसर स्वतःच मेला तर काय, हेही लिहा. लिनक्सवर त्याचे ट्रेसी आपोआप सुटतात आणि चालू राहतात, त्यांनाही मारायचं असेल तर ३.८ पासून एक्झिट किल ऑप्शन आहे. सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रामला कोंडून चालवायची सोय, लिहिणाऱ्याला हा एकच परिच्छेद महत्त्वाचा असतो.

छोट्या पण बोचणाऱ्या गोष्टी पटकन सांगतो. ट्रेसीच्या मेमरीतून एक शब्द वाचणारी पीक रिक्वेस्ट ग्लिबसीमध्ये (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) वाचलेली व्हॅल्यूच रिटर्न करते, त्यामुळे उणे एक आला तर तो एरर का खरा डेटा हे कळायला आधी एर्नो (शेवटच्या एररचा नंबर ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करून नंतर तपासावा लागतो, आणि कच्च्या सिस्टिम कॉलमध्ये मात्र ती व्हॅल्यू डेटा आर्ग्युमेंटने दिलेल्या पत्त्यावर ठेवली जाते. म्हणजे लायब्ररीचं वागणं आणि कर्नलचं वागणं वेगळं, आणि पानात दोन्ही हवं, कारण असेंब्ली किंवा दुसऱ्या भाषेतून थेट कॉल करणारेही वाचतात. जी आर्ग्युमेंट दुर्लक्षित होतात ती शून्य द्या असं लिहा, उद्या तुम्हाला त्यांचा वापर करावासा वाटेल. परवानगीचं प्रकरण ईपर्म या परवानगी नाकारणाऱ्या एररखाली एका ओळीत उरकू नका, लिनक्समध्ये यामा या सुरक्षा मॉड्यूलची ० ते ३ अशी सेटिंग आहे आणि तिच्यामुळे स्वतःच्याच युजरच्या प्रोसेसला अटॅच होत नाही म्हणून वैतागलेली पोरं मी दर वर्षी बघतो. तुमच्याकडे असे जे काही स्विच असतील त्यांची नावं त्याच पानात पाहिजेत.

रजिस्टरचं काय करायचं? माझं मत, मुख्य पानात नको, वेगळ्या तक्त्यात द्या. लिनक्सने सिसकॉलच्या पानात आर्किटेक्चरवार तक्ता ठेवलाय, कुठल्या रजिस्टरमध्ये नंबर, कुठल्या रजिस्टरमध्ये कितवं आर्ग्युमेंट. एक्स८६-६४ वर चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्समध्ये नसून आर१० मध्ये असतं, कारण सिसकॉल ही इन्स्ट्रक्शन स्वतःच आरसीएक्स खराब करते, हे माहीत नसलेला माणूस चौथा आकडा कायम चुकीचाच छापणार. आणि ट्रेसिंगमुळे जर एखादं रजिस्टर बदललेलं दिसत असेल तर ते सांगितलंच पाहिजे. आर्म६४ वर कर्नल सिस्टिम कॉलच्या थांब्यावर ट्रेसरला एक्स७ मध्ये खरी व्हॅल्यू दाखवत नाही, तिथे आत का बाहेर याची खूण ठेवतो, म्हणजे त्या थांब्यावर एक्स७ वाचून त्यावर विश्वास ठेवला की फसलात. तुमचा बोर्ड आर्मचाच आहे म्हणून मुद्दाम सांगितलं, तुमच्या कोडने ही युक्ती उचललीय का ते बघा.

ट्रेसमध्ये काय दिसत नाही तेही लिहा, हे बहुतेक जण विसरतात. लिनक्सवर क्लॉक विचारणारे कॉल बरेचदा व्हीडीएसओमधून (कर्नल प्रत्येक प्रोसेसला जोडतो ती छोटी लायब्ररी) युजर स्पेसमध्येच निपटतात, कर्नलमध्ये शिरतच नाहीत, त्यामुळे एसट्रेसमध्ये त्यांचा पत्ता नसतो, आणि व्हीडीएसओच्या पानात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रोग्राममध्ये फोर्क लिहिलंय आणि ट्रेसमध्ये क्लोन दिसतंय, एक्झिट लिहिलंय आणि एक्झिट ग्रुप दिसतंय, ही ग्लिबसीची करणी. तुमच्या लिबसीत असे जे रॅपर असतील त्यांची दोन-चार उदाहरणं टाका, सपोर्टचे निम्मे प्रश्न तिथेच थांबतील.

वागणं बदललं तर जुनं पुसू नका. सेककॉम्पचं तपासणं आणि ट्रेसरचा एंट्रीचा थांबा यांचा क्रम लिनक्स ४.८ मध्ये बदलला, आता आधी ट्रेसर आणि मग सेककॉम्प, म्हणजे ट्रेसरने कॉल बदलला तरी बदललेला कॉल फिल्टरमधून जातो. पानाने काय केलं, तर ४.७ पर्यंतचं वागणं एका भागात आणि ४.८ पासूनचं दुसऱ्या भागात असं दोन्ही ठेवलं. ट्रेसर लिहिणाऱ्याला दोन्ही कर्नलवर चालवायचं असतं, त्याला दोन्ही लागतं.

लिहायची पद्धत माझी अशी आहे. आधी कागदावर थांब्यांचं चित्र काढतो, गोल आणि बाण, प्रत्येक बाणावर कशामुळे तिथून निघाला ते. मग टीममधल्या ज्याने हा कोड पाहिलेला नाही अशा कुणाला तरी चहाच्या वेळी तोंडी मराठीत सांगतो, "आता हा इथे थांबला, तेवढ्यात सिग्नल आला, मग?" आणि तो जिथे "मग?" विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं तिथे पानात भोक आहे. त्यानंतर प्रत्येक विधानाला एक छोटा सी प्रोग्राम, वीस-तीस ओळींचा, तो चालवून बघितल्याशिवाय वाक्य पानात जात नाही. हे प्रोग्राम टेस्ट म्हणून रिपॉझिटरीत ठेवा, उद्या कर्नल बदलला आणि टेस्ट पडली की पान जुनं झालंय हे त्याच दिवशी कळेल. कोडवाल्यांना विचारून लिहिलेलं पान आणि चालवून लिहिलेलं पान यात मला दर वेळी फरक सापडलाय, आणि बऱ्याचदा तो फरक म्हणजे कर्नलमधला बगच निघालाय.

बग्जचा सेक्शन रिकामा ठेवू नका. लिनक्सच्या पानात तिथे सरळ लिहिलंय की ग्रुप स्टॉपची सूचना ट्रेसरला जाते पण खऱ्या पॅरेंटला जात नाही, आणि लीडर थ्रेड संपला तरी बाकीचे थ्रेड संपेपर्यंत त्याच्या मरणाची सूचना येत नाही. मॅनेजर म्हणेल हे कशाला छापताय, तर त्याला सांगा की ज्याला हे भोगायला लागतंय त्याला आधीच कळलेलं बरं.

शेवटी तुमचा उपप्रश्न, फाइलमध्ये लॉग लिहिणारा दुसरा मार्ग तुम्ही बीएसडीतल्या केट्रेससारखा ठेवलाय त्याचं पान वेगळं करायचं का. हो, वेगळंच. तिथे ट्रेसी थांबतच नाही, थांब्यांचा प्रश्नच नाही, तिथे लागतं ते रेकॉर्डचे प्रकार, ते फोर्कनंतर मुलाला लागू होतं का, आणि लिहिताना एरर आला तर काय. फ्रीबीएसडीमध्ये लिहिणं फसलं की ट्रेसिंग बंद होतं आणि प्रोग्राम चालू राहतो, तुमच्याकडे काय होतं ते डिस्क भरून बघा आणि तसं लिहा. बीएसडीप्रमाणे कमांडचं पान सेक्शन १ मध्ये, कॉलचं सेक्शन २ मध्ये, आणि लॉग वाचणाऱ्या टूलचं वेगळं. आणि कमांडच्या पानात बीएसडीवाल्यांनी घातलेली एक सूचना आहे ती तुम्हीही घाला, की ट्रेस भराभर प्रचंड मोठा होतो म्हणून सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते पाठ करून ठेवा. तुमच्या बोर्डावर फ्लॅश किती आहे मला माहीत नाही, पण बंद करायची कमांड पानाच्या पहिल्या स्क्रीनमध्येच दिसायला हवी.